घरच्या शाळेतले व्याकरण : सहावी ते आठवीसाठी कोणते पुस्तक?

'फूल' लिहिताना ऊ दीर्घ, आणि 'फुलाला' लिहिताना ऱ्हस्व. 'गरीब', पण 'गरिबाला'. मग 'शरीर'चे 'शरिराला' का होत नाही?

मुलीने हे विचारले तेव्हा ती बारा वर्षांची होती. शाळेत जात नव्हती, घरीच शिकत होती, आणि आमच्या टेबलावर व्याकरणाची पाच पुस्तके होती. उत्तर त्यांत होतेही. पण निम्मे शुद्धलेखनाच्या प्रकरणात, निम्मे विभक्तीच्या प्रकरणात, आणि तत्सम-तद्भवांची ओळख आणखी तिसरीकडे. 'फूल', 'गरीब' हे शब्द मराठीच्या वळणाने चालतात, म्हणून सामान्यरूप होताना त्यांचा शेवटून दुसरा स्वर ऱ्हस्व होतो. 'शरीर' संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे, म्हणून तो आपला दीर्घ ई सोडत नाही. एवढे सांगायला शब्दाचे कूळ, रूप आणि लेखन या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आणाव्या लागतात. मुलासाठी त्या एकत्र आणणारे पुस्तक कोणते, हा प्रश्न मी तेव्हापासून विचारत आले आहे. या लेखात सापडलेल्या उत्तरांचा आढावा आहे.

आधी जागा स्पष्ट करते. शिक्षणहक्काचा कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. म्हणजे सहावी ते आठवी ही तीन वर्षे त्याच वयोगटात येतात. घरी शिकवण्याला कायद्यात वेगळी मान्यता नाही आणि तसे करणाऱ्या पालकाला शिक्षाही सांगितलेली नाही. बहुतेक घरे आठवीच्या समकक्ष परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा किंवा राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचा रस्ता धरतात, आणि दहावीला मुक्त विद्यालयातून किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बसतात. थोडक्यात, या तीन वर्षांत व्याकरण कसे शिकवायचे याला परीक्षेचे फारसे बंधन नाही. हे मोठे भाग्य आहे, आणि म्हणूनच निवडीची जबाबदारीही मोठी आहे. शाळेत पुस्तक अपुरे असले तर बाई फळ्यावर भर घालतात. घरी पुस्तक हेच अर्ध्या बाईंचे काम करते.

आजच्या पुस्तकांचा आकार असा का, हे कळायला थोडे मागे जावे लागते. मराठीचे एक आरंभीचे छापील व्याकरण विल्यम कॅरीने बंगालातल्या श्रीरामपूरहून १८०५मध्ये काढले. ते इंग्रजीत होते आणि मराठी शिकू पाहणाऱ्या परक्यांसाठी होते. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले महत्त्वाचे व्याकरण म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण', १८३६चे. दादोबांच्या समोर दोन साचे होते. एक संस्कृताचा, आठ विभक्तींचा. दुसरा लिंडले मरे या अमेरिकेत जन्मलेल्या आणि इंग्लंडात स्थायिक झालेल्या गृहस्थाच्या इंग्रजी व्याकरणाचा, शब्दांच्या जातींचा. या दोन साच्यांत मराठी बसवताना दादोबांनी जे कष्ट घेतले त्यांचे मोल कमी होत नाही. पुढे त्यांनी मुलांसाठी लघु व्याकरणही लिहिले. मोरो केशव दामले, म्हणजे कवी केशवसुतांचे धाकटे भाऊ, यांनी १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त सगळे पुन्हा तपासले, मागच्यांच्या मतांशी वाद घातला. १९६४मध्ये अरविंद मंगरूळकरांनी पुनर्विचार मांडला, आणि कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी 'मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद' या पुस्तकात एकेका वादाची तड लावायचा प्रयत्न केला.

दुःखाची गोष्ट अशी की दामल्यांपासून पुढे झालेला हा सगळा विचार विद्यापीठात राहिला. मुलाच्या हातात पडणारे पुस्तक अजून बरेचसे १८३६च्या साच्यातच आहे. आजही मूल 'प्रथमा, द्वितीया, तृतीया' पाठ करते. द्वितीयेचे प्रत्यय 'स, ला, ते' आणि चतुर्थीचेही 'स, ला, ते'. मग दोन विभक्ती कशाला, असे ते विचारते, आणि तो प्रश्न अगदी बरोबर असतो. 'रामाला मारले' आणि 'रामाला दिले' यांत अर्थ वेगळा आहे, रूप एकच आहे. रूप आणि अर्थ वेगवेगळे मोजायला शिकवणे, हेच तर व्याकरण. तक्ता पाठ करून घेताना नेमके तेच निसटते.

आता आजचे कपाट पाहू.

सगळ्यांत हाताशी असलेली पुस्तके पाठ्यपुस्तक मंडळाची. मंडळाची स्थापना पुण्यात २७ जानेवारी १९६७ला झाली. मराठी माध्यमासाठी 'बालभारती' आणि इतर माध्यमांतल्या मुलांसाठी 'सुलभभारती', दोन्ही मंडळाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यांतले व्याकरण पाठांच्या शेवटी छोट्या चौकटींत येते, खेळ आणि कोडी घेऊन येते. चौकटी चांगल्या आहेत. मुलाला भीती वाटत नाही. पण त्या शाळेच्या तासासाठी आहेत. दोन चौकटींमधला धागा शिक्षकाने विणायचा असतो. घरी एकट्याने वाचणाऱ्या मुलाला विशेषण एका पाठात, क्रियाविशेषण चार पाठांनंतर असे तुकडे मिळतात. वाचनासाठी ही पुस्तके घ्यावीतच, व्याकरणाचा कणा म्हणून पुरत नाहीत.

दुसरे नाव घरोघरी ठाऊक आहे : मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन'. वर्णविचारापासून अलंकार, वृत्ते, म्हणी, वाक्प्रचार आणि निबंधलेखनापर्यंत सगळे एका मुठीत. व्याख्या नेमक्या, उदाहरणे भरपूर. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी आणि स्पर्धापरीक्षांचे उमेदवार त्यावर वाढले आहेत. माझ्या मते ते पालकाच्या हातात असावे, मुलाच्या नाही. ते उत्तरांचे पुस्तक आहे. अकरा वर्षांच्या मुलाला अजून प्रश्नच पडलेले नसतात, तेव्हा त्याच्यासमोर समासाचे पोटभेद ठेवले तर ते पाठ करील, आणि व्याकरण म्हणजे नावांची यादी असे त्याच्या मनात कायमचे बसेल. लीला गोविलकरांचे 'मराठीचे व्याकरण' जास्त विवेचक आहे. पालकाची स्वतःची शंका फेडायला मी त्याकडे जाते.

दुकानात मात्र याहून जास्त जागा परीक्षेच्या मार्गदर्शकांनी व्यापलेली असते. एक ओळ, चार पर्याय. त्यांविषयी एवढेच सांगते की या वयासाठी ती घेऊ नयेत.

लेखननियमांचे कपाट वेगळे आहे आणि ते वेगळेच ठेवावे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२चे, त्यांत १९७२मध्ये आणखी ४ आले. आज शाळेत शिकवतात ते हे १८ नियम. ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयाने वर्णमाला प्रमाणित केली, 'ॲ' आणि 'ऑ' यांना स्वरांत जागा मिळाली. जुने पुस्तक वापरत असाल तर एवढी दुरुस्ती हाताने करून घ्यावी. यास्मिन शेख यांची 'मराठी लेखन मार्गदर्शिका' आणि 'मराठी शब्दलेखनकोश', अरुण फडके यांचे 'शुद्धलेखन ठेवा खिशात' ही या विषयातली विश्वासाची पुस्तके. फडक्यांचे छोटे पुस्तक मुलाच्या दप्तरात राहू शकते, त्याने स्वतः शब्द शोधावा, ही त्याची खरी किंमत.

लेखननियम आणि व्याकरण एकच समजण्याची चूक आपल्याकडे सर्रास होते. 'तुझे व्याकरण कच्चे आहे' असे म्हणताना बहुतेक वेळा ऱ्हस्व-दीर्घच मनात असते. मराठी बोलणाऱ्या घरातले दहा वर्षांचे मूल 'मी काल घरला गेली होतो' असे कधी म्हणत नाही. त्याचे व्याकरण पक्के आहे, फक्त ते त्याला ठाऊक नाही. अभ्यासक्रमाने त्याला ते त्याच्याच तोंडातून काढून दाखवायचे आहे. माझी कसोटी एवढीच आहे : पुस्तक मुलाच्या कानावर भरवसा ठेवते का?

उदाहरण सामान्यरूपाचे घेऊ. 'वाट'ला प्रत्यय लागला की 'वाटेत' होते, 'भिंत'ला लागला की 'भिंतीत'. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त. मग फरक का? आम्ही घरातले शब्द गोळा करून वहीत तीन रकाने केले. वाट, वाटा, वाटेत. खाट, खाटा, खाटेवर. जीभ, जिभा, जिभेवर. आणि खाली : भिंत, भिंती, भिंतीवर. चूल, चुली, चुलीवर. म्हैस, म्हशी, म्हशीला. पंधराएक शब्द झाल्यावर मुलीने स्वतःच सांगितले, अनेकवचनात 'आ' आला तर पुढे 'ए' येतो, 'ई' आली तर 'ई'च राहते. हा नियम पुस्तकात आहे. पण पुस्तकातून घेतलेला नियम आणि स्वयंपाकघरातून काढलेला नियम यांत मोठा फरक असतो. त्याच वहीत 'चूल–चुलीवर', 'जीभ–जिभेवर' समोर दिसल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नही तिथेच सुटला.

प्रयोगाचेही तसेच. 'कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलते तो कर्तरी' ही व्याख्या आधी देऊ नये. वाक्य द्यावे आणि हलवून बघायला सांगावे. 'मुलगा पेरू खातो.' मुलगी घाला : 'खाते'. बदलले. 'मुलाने पेरू खाल्ला.' मुलगी घाला : काही बदलले नाही. पेरूऐवजी चिंच घाला : 'खाल्ली'. म्हणजे क्रियापद आता कर्माचे ऐकते. 'शिपायाने चोराला पकडले.' शिपाई बदला, चोर बदला, चोरांची टोळी करा, 'पकडले' जागचे हलत नाही. तीन प्रयोग मुलाने हाताने वेगळे केले, नावे नंतर दिली तरी चालतात. मग एक दिवस 'तू आंबा खाल्लास' समोर ठेवावे. 'खाल्ला' आंब्याचे ऐकतो, शेवटचा 'स' तुझे ऐकतो. चिंच घातली की 'खाल्लीस'. एकाच क्रियापदाने दोघांचे ऐकावे, ही मराठीची खास गंमत आहे, व्याकरणकारांनी तिला संकर प्रयोगात घातले आहे. सातवीच्या वयात मूल हे पाहून खरोखर थक्क होते. इंग्रजीच्या साच्यातल्या पुस्तकाला हे सुचणार नाही, कारण इंग्रजीत हे घडतच नाही.

व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारते का, हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. यावरचे मोठे अभ्यास इंग्रजीवर झालेले आहेत. अमेरिकेत १९६३मध्ये ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांच्या अहवालाने स्पष्ट म्हटले की औपचारिक व्याकरण शिकवण्याचा लेखनाला जवळजवळ उपयोग होत नाही, उलट लेखनाचा वेळ खाल्ल्याने तोटाच होऊ शकतो. न्यूझीलंडमध्ये एली आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षे मुलांचे गट पाहिले आणि १९७६मध्ये जवळपास तेच सांगितले. ग्रॅहम आणि पेरिन यांनी २००७मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवरचे अभ्यास एकत्र केले. त्यांत नुसत्या व्याकरणाचा परिणाम उणे निघाला, पण छोटी वाक्ये जोडून मोठी करण्याच्या सरावाचा परिणाम चांगला निघाला. पुढे एक्सेटर विद्यापीठात डेब्रा मायहिल यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना लेखनाच्या ओघातच व्याकरण देऊन पाहिले, तेव्हा फायदा दिसला, आणि आधीच बरे लिहिणाऱ्यांना तो जास्त झाला.

हे निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. इंग्रजीत व्याकरण न जाणता शब्द बरोबर लिहिता येतो. मराठीत 'फुलाला' बरोबर लिहायला सामान्यरूप कळावे लागते, 'जेवून' आणि 'घेऊन' यांतला फरक कळायला धातू ओळखावा लागतो. 'जेव' धातूत 'व' आहे म्हणून 'वून', 'घे' धातूत नाही म्हणून 'ऊन'. पण वाक्य जोडण्याचा सराव मात्र आपण डोळे मिटून घ्यावा. मराठीइतकी त्याला अनुकूल भाषा क्वचितच सापडेल. 'आईने भाजी आणली. ती निवडली. धुतली. चिरली.' ही चार वाक्ये 'आईने आणलेली भाजी निवडून, धुऊन चिरली' अशी एकात येतात. 'आणलेली', 'निवडून', 'धुऊन' ही धातुसाधिते मराठी वाक्याचे सांधे आहेत. पुस्तकांत ती प्रकारांची यादी म्हणून येतात आणि मूल ती विसरते. रोज पाच छोटी वाक्ये देऊन त्यांचे एक करायला सांगावे, मग तेच दुसऱ्या तऱ्हेने करायला सांगावे, आणि कोणते कानाला बरे लागते यावर बोलावे. माझ्या घरी एवढ्या एका गोष्टीने लेखन जितके सुधारले तितके दुसऱ्या कशानेही नाही.

इंग्रजीकडे वळायला हवे, कारण माझ्या ओळखीतल्या बहुतेक घरांत अभ्यास इंग्रजीत आणि गप्पा मराठीत होतात. व्याकरणाचा तयार अभ्यासक्रम शोधला की अमेरिकेतली नावे पुढे येतात. तिथे १९९३पर्यंत सर्व राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले, त्यामुळे पुस्तकांची मोठी बाजारपेठ आहे. वांडा फिलिप्स यांची 'इझी ग्रामर' आधी शब्दयोगी पदसमूह खोडायला शिकवते, म्हणजे कर्ता आणि क्रियापद उघडे पडतात. 'फिक्स इट' मालिकेत वर्षभर चालणारी एक गोष्ट आहे, तिच्यातली चुकीची वाक्ये रोज थोडी थोडी दुरुस्त करायची. सुझन वाइज बाउअर यांच्या 'ग्रामर फॉर द वेल-ट्रेन्ड माइंड'मध्ये चार वर्षे तेच नियम, सराव मात्र नवा. वाक्याची आकृती काढण्याची रीतही तिथे जिवंत आहे. ती रीड आणि केलॉग यांनी १८७७मध्ये रुळवली.

यांतल्या रीती घ्याव्यात, पुस्तके जपून घ्यावीत. ही पुस्तके घरी इंग्रजीच बोलणाऱ्या मुलासाठी आहेत. त्या मुलाला 'द' कुठे लावायचा हे जन्मतः कळते, आपल्या मुलाला नाही. त्याच्या चुका वेगळ्या, आपल्या वेगळ्या. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाचेही मूळ तेच, भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी लिहिलेले. आपण ते तीन पिढ्या आपले मानले. मराठी घरातल्या मुलाला मी रेमंड मर्फी यांचे 'इंग्लिश ग्रामर इन यूज' किंवा त्याच्या आधीची सोपी पायरी सुचवते. ते इंग्रजी परकी असणाऱ्यांसाठी आहे, डाव्या पानावर समजावणे, उजव्या पानावर सराव, एकट्याने करता येणारे. आणि रोज एक चुकीचे वाक्य दुरुस्त करण्याची 'फिक्स इट'ची रीत मराठीसाठी घरी तयार करावी. गोष्ट मुलाच्या आवडीची, चुका त्याच्याच जुन्या वहीतल्या.

बोलीचा प्रश्न पुस्तके एका शब्दात संपवतात : 'अशुद्ध'. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका 'मी जातो' म्हणतात. वऱ्हाडात 'मी येऊन राहिलो' म्हणतात. घरी शिकणारे मूल दिवसभर आजीच्या बोलीत वावरते. पुस्तकाने त्या बोलीला चूक म्हटले की मूल आजीला चूक समजू लागते, आणि हे मला सहन होत नाही. ज्या पुस्तकात 'प्रमाण' आणि 'बोली' हे शब्द आहेत ते घ्यावे. नाहीच मिळाले, तर 'अशुद्ध'वर काट मारून 'छापताना असे लिहू' असे पेन्सिलीने लिहावे.

परदेशातल्या मराठी घरांचे गणित मात्र उलटे आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शनिवार-रविवारच्या शाळांत जाणाऱ्या मुलाचा मराठी कान अजून घडायचा असतो. 'वाट–वाटा–वाटेत' हे त्याच्या तोंडात नाही, त्यामुळे त्याच्याकडून नियम काढून घेता येत नाही. तिथे 'सुलभभारती' घ्यावी, भरपूर ऐकवावे, मोठ्याने वाचायला लावावे, आणि व्याकरण सावकाश, एका वेळी एक प्रत्यय, असे द्यावे. अशा मुलाला तक्ता उपयोगी पडतो, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

तीन वर्षांचा क्रम मी असा लावला. सहावीत शब्दांच्या जाती आणि सामान्यरूप, दोन्ही वहीतून. सातवीत प्रयोग आणि वाक्यजोडणी, वर्षभर, घाई न करता. लेखननियम आठवीत सलग, कारण तोवर सामान्यरूप आणि धातू ओळखीचे झालेले असतात आणि नियमामागचे कारण दिसते. समास आणि संधीही आठवीत, वर्तमानपत्रातले जोडशब्द फोडत. अलंकार कवितेबरोबर, वृत्ते गाऊन. रोज वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही.

आणि परीक्षेला सहा महिने उरले की वाळंबे मुलाच्या हातात द्यावेत. तेव्हा त्याच्याकडे विचारायला प्रश्न असतात आणि पुस्तकाकडे उत्तरे. माझ्या मुलीने ते पहिल्यांदा उघडले तेव्हा सामान्यरूपाच्या पानावर थांबून म्हणाली, "अगं आई, हे तर माझ्या वहीतच आहे."